अफजलगंजचा डाव

उदगीरच्या चौबाऱ्यापासून किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर निजामोद्दीन दर्जींचं दुकान होतं. एके काळी तिथं शेरवान्या शिवल्या जायच्या. निजाम गेला, शेरवान्या गेल्या, आणि त्यांच्या मशीनवर शाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या आल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्याही येईनाशा झाल्या. घरात चूल पेटायची मारामार, तिथं नवे कपडे कोण शिवणार? मशीनवर फडकं टाकलेलं असायचं आणि फडक्यावर बुद्धिबळाचा पट.

वीरभद्र हुडगे त्या दुकानात पहिल्यांदा गेला तो शर्टाची कॉलर उलटवून घ्यायला. वरची बाजू विरली होती, आतली अजून धड होती. तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. गाव देगलूर रस्त्यावर. गावची विहीर आटलेली, जनावरं छावणीत, आई-बाप पाझर तलावाच्या कामावर दगडमाती वाहत होते. सुट्टीत तो कामावर जायला निघाला तेव्हा बापानं परत पाठवला होता. "हितं येऊन काय करतूस? एक तरी माणूस सावलीला ऱ्हाऊ दे," एवढंच बाप बोलला.

दुकानात निजामोद्दीन पटावर वाकून बसले होते. समोर कोणी नव्हतं.

"एकटेच खेळून राहिलात?" वीरभद्रनं विचारलं.

"एकटा कुठं? समोर मीच हाय. अठरा वर्षांचा," निजामोद्दीन म्हणाले. "आणि लई गाढव हाय."

वीरभद्रला वाटलं, म्हातारा उन्हानं भ्रमलाय. पण तो बसला. कॉलर उलटून झाली तरी बसून राहिला.

निजामोद्दीन अठराव्या वर्षी हैदराबादेत एका शिंप्याकडं कापड कापायला शिकत होते, तेव्हा त्यांनी बुद्धिबळ हातात धरलं. पुढच्या काही वर्षांत संस्थानात त्यांचं नाव झालं. सालारजंगाच्या वाड्याच्या आसपासच्या हवेल्यांतून त्यांना खेळायला बोलावणी येत. बाहेरगावचे नामांकित खेळाडू हैदराबादला उतरले की विचारत, तो दर्जी कुठं बसतो? मग वडील वारले, पोलीस ॲक्शन झालं, आणि ते उदगीरला परतले ते कायमचे. ज्या माणसाचे डाव लोक उभं राहून बघत, तो इथं खाकी चड्ड्यांना काज करत होता, आणि शेजारच्या पानवाल्यालाही ते ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी आइसलँडात बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा सामना झाला होता आणि त्याचे डाव पेपरात छापून आले होते. वीरभद्रनं ती कात्रणं खिशात घालून आणली. "उस्ताद, हे शिकवा."

उस्तादांनी चष्मा वर सारून कात्रण बघितलं आणि बाजूला ठेवलं. "पिकलेला खेळाडू पटावर काही दिसू देत न्हाई, बेटा. तो चूक करायच्या आधीच ती झाकतो. बघणाऱ्याला वाटतं, आपोआप जिंकला. शिकायचं असंल तर त्याचे पोरपणीचे डाव बघावेत. तिथं सगळं उघडं असतं. लालूच दिसते, भीती दिसते, अक्कल कशी येत गेली तेही दिसतं."

"पण पोरपणीचे डाव आणायचे कुठनं?"

"दुसऱ्याचे कशाला? माझे हायत की."

आणि ते डाव त्यांच्या डोक्यात जसेच्या तसे होते. पुढचा उन्हाळा संपेपर्यंत रोज दुपारी, कॉलेज सुटल्यावर, ते एकेक डाव पटावर मांडायचे. अर्ध्यावर थांबायचे आणि विचारायचे, "आता तू काय करशील?" वीरभद्र खेळी सांगायचा. "का?" त्याला 'का'चं उत्तर देता यायचं नाही. मग उस्ताद सांगायचे, अठराव्या वर्षी आपण इथं काय केलं होतं, तेव्हा मनात काय होतं आणि ते का फसलं. घोडा पुढं नेला कारण बघणारे वाहवा करतील म्हणून. हत्ती कोपऱ्यातच राहिला कारण त्याची आठवणच नव्हती. विसाव्या वर्षीच्या डावांत तोच हत्ती वेळेवर मधल्या मोकळ्या रस्त्यावर येऊन उभा राहायचा. बाविसाव्या वर्षी तर उस्ताद हल्ला करायचेच नाहीत. एक घर धरून बसायचे, त्या घरावर समोरच्याला पाऊल ठेवू द्यायचे नाहीत, आणि समोरचा स्वतःहून मोडायचा. वीरभद्रला हळूहळू कळलं की चांगली खेळी शोधण्याआधी डाव कोणत्या दिशेला चाललाय ते बघायचं असतं. हे त्याला कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं.

कॉलेजची खानावळ दुष्काळात बंद पडली होती. उस्तादांची मुलगी हसीना तेव्हा सतरा-अठराची असेल. आई नसलेल्या घराचा सगळा कारभार तीच बघायची. तिनं पहिल्या आठवड्यातच ओळखलं की हा मुलगा दुपारी काही न खाता बसतो. एके दिवशी तिनं पटाशेजारी जर्मनचं छोटं पातेलं आणून ठेवलं. आत डाळ, वर रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी.

"वीरूभाई, ह्या पातेल्याला आमचं कालवण कधी लागलं न्हाई. तुमच्यासाठी अलग ठेवलंय. बेफिकीर खा."

वीरभद्र लिंगायताच्या घरचा. तो खाली मान घालून जेवला. त्या घरातही पाणी दोन घागरींवर आलं होतं, आणि त्यातलं तांब्याभर रोज त्याच्यापुढं यायचं.

उन्हाळा संपत आला तेव्हा एका दुपारी उस्तादांनी दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली आणि म्हणाले, "आज तीन हरलेले डाव दाखवतो. हे मी कोणाला दाखवले न्हाईत."

प्रत्येक डावाला त्यांनी नाव ठेवलं होतं, हैदराबादेत जिथं खेळला त्या जागेचं. स्टेशनचा डाव, चादरघाटचा डाव, अफजलगंजचा डाव. तिन्ही डावांत एकच चूक होती. वजिराच्या बाजूचं एक प्यादं समोरच्यानं उघडं ठेवलेलं. तरुण निजामोद्दीनला ते फुकटचं प्यादं सोडवलं नव्हतं. वजीर ते खायला पटाच्या पार टोकाला गेला, तिथं अडकून पडला, आणि इकडं राजा एकटा सापडला. अफजलगंजला तर एका कापडदुकानाच्या मुनीमानं अख्ख्या शिंपीगल्लीसमोर हा डाव केला होता. उस्तादांच्या उस्तादांनी त्यानंतर बरेच दिवस बोलणं टाकलं होतं.

"मग ही सवय सुटली कशी?"

"सुटली न्हाई. बांधून ठेवली," निजामोद्दीन म्हणाले. "खाण्याआधी विचारायचं, वजीर परत कुठनं येईल? उत्तर न्हाई आलं तर हात मागं घ्यायचा. पण थकलो, उजेड कमी पडला, की हात अजून बी तिकडंच जातो. तू बघितलंस ना?"

वीरभद्रनं बघितलं होतं. दोघं हसले.

त्या साली पाऊस झाला. मशीनवरचं फडकं निघालं. वीरभद्र बी.ए. झाला, कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून उस्मानाबादला लागला, भालकीकडच्या पार्वतम्माशी त्याचं लग्न झालं. सणासुदीला तो उदगीरला जायचा आणि दुकानात बसायचा. हसीना उर्दू शाळेवर शिक्षिका झाली, तिचं लग्न झालं. जावई गावातलाच, त्यामुळं ती वडिलांजवळच राहिली. उस्तादांनी कधी स्पर्धा खेळल्या नाहीत. जिल्ह्याची निवड उस्मानाबादला व्हायची. उदगीर त्या जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. स्पर्धा होऊन गेल्यावरच तिची बातमी यायची.

ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा वेगळा झाला. उस्मानाबादहून टेबलं, कपाटं आणि माणसं ट्रकनं लातूरला आली. त्यात वीरभद्रही आला. कचेऱ्या मिळेल त्या जागेत सुरू झाल्या. नवा जिल्हा म्हटल्यावर त्याच्या नव्या संघटनाही निघाल्या. अमृतराव नावाच्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी जिल्हा बुद्धिबळ संघटना काढली आणि थंडीत निवड स्पर्धा जाहीर केली. राज्य स्पर्धेसाठी चौघांचा संघ सांगलीला जाणार होता.

वीरभद्रनं त्याच रविवारी एस.टी. पकडली. "उस्ताद, आता आपला जिल्हा हाय. तुम्ही यायलाच पाहिजे."

निजामोद्दीन तेव्हा चौसष्टचे होते. त्यांनी कात्री खाली ठेवली. "सांगली," ते म्हणाले. नुसतं गावाचं नाव घेतलं, पण हसीना आतून बाहेर येऊन बघू लागली, अब्बांचा आवाज असा का आला म्हणून.

स्पर्धेचे तीन दिवस उस्ताद वीरभद्रच्या भाड्याच्या घरी उतरले. सकाळी दोघं बरोबर चालत एका शाळेच्या हॉलमध्ये जायचे. खेळाची घड्याळं नांदेडहून मागवलेली. समोरची पोरं कॉलेजातली, इंजिनिअर, वकील. पुस्तकं वाचून आलेली. उस्ताद त्यांना शांतपणे, घर धरून बसून हरवत होते. पण दिवसाला दोन डाव म्हणजे त्या वयात जड होतं. दुपारच्या डावात ते मधेच चष्मा काढून डोळे चोळायचे. एक डाव त्यांनी जिंकत आणून हातचा घालवला.

शेवटच्या फेरीत जोड्या लागल्या आणि फळ्यावर नावं आली: हुडगे विरुद्ध निजामोद्दीन.

हिशेब सगळ्या हॉलला कळत होता. वीरभद्रची संघातली जागा आधीच पक्की झाली होती. हा डाव बरोबरीत सुटला तरी उस्तादांना अर्धा गुण मिळून चौथी जागा त्यांची होती. फरक एकच पडणार होता. बरोबरी झाली तर पहिला क्रमांक वीरभद्र आणि व्यंकटराव नावाच्या एका इंजिनिअरमध्ये वाटला जाणार होता. जिंकला तर वीरभद्र एकटा पहिला.

हॉलच्या टोकाला टेबलावर ढाल ठेवली होती. बक्षिसाला कलेक्टरसाहेब यायचे होते, ज्यांच्या कचेरीत वीरभद्र फायली लावायचा. ढालीवर 'प्रथम जिल्हा विजेता' असं कोरलेलं होतं. पहिला एकदाच होतो, हे त्याच्या डोक्यात सकाळपासून घुमत होतं.

डाव मध्यावर आला तेव्हा पटावर कोणाचंच काही जास्त नव्हतं. उस्तादांनी कपाळ पुसलं, वर बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बरोबरी?"

मागणी रीतसर होती. पट बघणारा कोणीही म्हणाला असता, ठीक आहे. वीरभद्रनं पटाकडं बघितलं, मग ढालीकडं.

"खेळू या, उस्ताद."

निजामोद्दीननी मान डोलावली. नाराजी दाखवली नाही. पण ते खुर्चीत थोडे मागं टेकले, एवढं वीरभद्रला दिसलं.

त्यानंतर वीरभद्रनं घाई केली नाही. त्यानं डाव लांबवला. निरर्थक दिसणाऱ्या खेळ्या केल्या, हत्ती एक घर इकडं, एक घर तिकडं. बाहेर ऊन उतरायला लागलं आणि हॉलच्या उंच खिडक्यांतून येणारा उजेड पिवळा झाला. मग त्यानं उंट उचलून दुसऱ्या बाजूला नेला. त्या उंटाच्या पाठीमागं, वजिराच्या बाजूला, एक प्यादं उघडं पडलं.

उस्तादांचा हात पुढं आला. मधेच थांबला. वीरभद्रला त्याच क्षणी वाटलं की हात मागं जावा. जाऊ दे मागं. हे त्याला खरंच वाटलं. हातानं वजीर उचलला आणि प्यादं खाल्लं.

वीरभद्रच्या हत्तीनं वजिराची मागची वाट अडवली. दोन खेळ्यांनी मधला रस्ता उघडला. वजीर टोकाला अडकलेला, राजा उघड्यावर. निजामोद्दीन बराच वेळ पटाकडं बघत राहिले, त्यांचं घड्याळ चालत राहिलं. मग त्यांनी राजा आडवा केला.

"हा तर अफजलगंजचा डाव," ते म्हणाले. हात पुढं केला, हसले सुद्धा. "सुरेख खेळलास, बेटा."

चौथी जागा निलंग्याच्या एका तरुण वकिलाला गेली.

पार्वतम्मानं त्या संध्याकाळी गव्हाची गोड हुग्गी केली होती, दोघंही सांगलीला जाणार म्हणून. तिला बाहेरचं काही ठाऊक नव्हतं. ताटावर बसल्यावर उस्तादच म्हणाले, "पार्वतम्मा, तुझ्या नवऱ्यानं आज अव्वल डाव खेळला. मला हरवणं सोपं न्हाई." त्यांनी हुग्गी मागून घेतली. वीरभद्र ताटावरून लवकर उठला.

सकाळी उस्तादांना उदगीरच्या गाडीत बसवून तो घरी आला. ढाल कपाटावर ठेवली होती. पार्वतम्मानं आता सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "तुमची जागा तर पक्कीच होती म्हणता. मग त्यांनी मागितलं ते दिलं असतं तर काय बिघडत होतं?"

"खेळातलं तुला काय कळतं!" तो ओरडला. ती आत निघून गेली. कळलं होतं तिला. म्हणून तर तो ओरडला होता.

सांगलीला वीरभद्र बरा खेळला. काही जिंकला, काही हरला, फार कोणाच्या लक्षात राहण्यासारखं नाही. पण तिसऱ्या दिवशी एक उंच, जाड चष्म्याचे वृद्ध गृहस्थ मराठवाड्याच्या टेबलाजवळ आले. मुंबईचे जुने खेळाडू. लोक उठून त्यांना खुर्ची देत होते.

"तुम्ही लातूरचे ना? तिकडं कुठं तरी एक निजामोद्दीन असायचे. हैदराबादला शिंपीकाम करायचे. आहेत का हो?"

"आहेत. उदगीरला असतात," वीरभद्र म्हणाला.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "जिवंत आहेत! मी एकदाच हरवलंय त्यांना, चादरघाटला. अगदी पोरगेला होता तो. पुढं तो केवढा खेळाडू झाला ते बघून मला नेहमी वाटायचं, परतीचा डाव द्यायचा राहिलाय आपला. इथं आले नाहीत?"

वीरभद्रच्या तोंडून निघालं, "तब्येत बरी नसते त्यांची."

"अरेरे. माझा नमस्कार सांगा." त्यांनी एका चिठोऱ्यावर पत्ता लिहून दिला.

तो चिठोरा वीरभद्रनं पाकिटात ठेवला आणि उदगीरला जायचं टाळू लागला. एका रविवारी कचेरीचं काम, एका रविवारी गाडी चुकली, एका रविवारी पाहुणे. उन्हाळा आला. मग हसीनाच लातूरला आली, शिक्षकांच्या शिबिराला, आणि दुपारी घरी डोकावली. पार्वतम्माशी बोलली, चहा घेतला. वीरभद्रशी तुटक बोलत नव्हती. उठताना मात्र म्हणाली, "वीरूभाई, अब्बांनी सांगलीसाठी शेरवानी शिवली होती. स्वतःच्या मापाची. तीस वर्षांत पहिल्यांदा. रोज दुपारी दुकानाची फळी ओढून शिवायचे, मला वाटायचं झोपलेत. तुमच्याकडनं आल्यावर त्यांनी तिची शिलाई उसवली आणि कापड विकून टाकलं." तिनं पिशवी खांद्याला लावली. "मी तक्रार करायला आले न्हाई. तुम्ही येत न्हाईत, म्हणून सांगितलं."

पुढच्या निवडीची तारीख लागली तेव्हा तो गेला. वाटेत त्यानं सगळं ठरवलं होतं. दुकानात शिरल्या शिरल्या म्हणाला, "उस्ताद, या साली मी खेळत न्हाई. तुम्ही खेळा. माझी जागा मोकळी हाय."

निजामोद्दीन सुईत दोरा ओवत होते. दोरा दोनदा चुकला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे वीरभद्रला तेव्हा दिसलं.

"मोकळी करून दिलेली खुर्ची घेऊन काय करू?" ते शांतपणे म्हणाले. "आणि तुला खेळायचं नसंल तर नको खेळू. पण माझ्या नावावर सोडू नको. ते ओझं मला नको."

वीरभद्र पाटावर बसला. मग त्यानं सांगून टाकलं. की बरोबरी मागितली तेव्हा जिंकायची गरज नव्हती. की मुद्दाम उजेड उतरेपर्यंत डाव लांबवला. की ते प्यादं मुद्दाम ठेवलं. की सांगलीला चादरघाटचे गृहस्थ भेटले, त्यांना परतीचा डाव द्यायचा होता, आणि आपण तब्येतीचं खोटं सांगितलं.

शेवटचं ऐकताना उस्तादांच्या हातातली सुई खाली पडली. "उंच? चष्मेवाला?" ते एकदम म्हणाले. "तो हाय अजून?" त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. मग तो हळूहळू विझला, कारण आता त्यांनाही कळलं होतं की सांगलीला काय होतं.

निजामोद्दीननी चाचपून सुई उचलली. रस्त्यावरून एक टांगा गेला.

"बाकीचं मला तवाच मालूम होतं," निजामोद्दीन म्हणाले. "मी पटासमोर बसलो होतो, बेटा. तू हत्ती इकडंतिकडं का करून राहिलास, ते मला कळत न्हाई?"

"मग काही बोलला का न्हाईत?"

"काय बोलणार? खेळ कायद्यानं झाला." ते थांबले. "तुझ्या जागी मी असतो तर मी बी बरोबरी दिली नसती, असं म्हटलं तर तुझं मन हलकं होईल. मला ते म्हणता येतं. पण खोटं होईल. मी दिली असती."

वीरभद्रनं मान खाली घातली. कोणी शिव्या घातल्या असत्या तर त्यानं सोसल्या असत्या. हे तीन शब्द सोसवेनात. हसीनानं आतून चहा आणून ठेवला तरी त्याचा हात कपाकडं गेला नाही.

"पी," उस्ताद म्हणाले. "थंड होतो."

घरी येऊन त्यानं मुंबईच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. उस्तादांची तब्येत बरी नव्हती हे खोटं होतं. त्यांची जागा माझ्यामुळं गेली. त्यांना तुमच्याशी खेळायची इच्छा आहे. तीन वेळा फाडलं, चौथ्यांदा टाकलं. उत्तर पोस्टकार्डानं आलं, थेट उस्तादांच्या दुकानाच्या पत्त्यावर. पत्रात दुसरं काहीच नव्हतं, फक्त पहिली खेळी: राजापुढचं प्यादं दोन घरं.

मग कार्डं सुरू झाली. मुंबईहून कार्ड यायला कधी चार दिवस, कधी आठवडा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं पण नजर पुरती आली नाही, म्हणून वीरभद्र रविवारी जाऊन कार्ड वाचून दाखवायचा, पट मांडायचा, उस्तादांनी सांगितलेली खेळी लिहून टाकायचा. तो स्वतः एकही खेळी सुचवायचा नाही. एकदा उस्तादांनी विचारलं, "तुला काय वाटतं?" तर तो म्हणाला, "तुम्हीच सांगा." उस्तादांनी पुन्हा विचारलं नाही.

तो स्वतःही खेळत राहिला, कारण न खेळणं उस्तादांनी नाकारलं होतं. पण पूर्वीसारखं जमलं नाही. समोरच्याच्या चुकीवर बोट ठेवायची वेळ आली की त्याचा हात रेंगाळायचा. त्र्याऐंशीला तो संघात आला नाही, पुढंही एकदाच आला. लोक म्हणायचे, पहिल्या वर्षीचा जोर उतरला. नव्या इमारतीत कचेरी गेली, त्यानं तिथं फायली लावल्या, बढती घेतली. ढाल पार्वतम्मानं कधी पुसली नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

डाव मात्र सुरेख चालला होता. उस्तादांनी त्यात काहीही ओढून घेतलं नाही, मधलं एक घर धरलं आणि धरूनच ठेवलं. शहाऐंशीच्या थंडीत एका रविवारी पट बघता बघता ते म्हणाले, "आता त्याचा घोडा मागं जाईल. त्याला दुसरी वाट न्हाई. गेला, की मी हत्ती आणतो." आणि हत्ती ज्या घरावर आणायचा, त्या घरावर त्यांनी बोट टेकवलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी ते गेले. मशीनवर बसल्या बसल्या. वीरभद्र पोचला तेव्हा मय्यत उठायच्या बेतात होती. चौबाऱ्यातल्या शिंप्यांनी दुकानं बंद ठेवली होती. तो लांब उभा राहिला, तर हसीनाच्या नवऱ्यानं गर्दीतून हाक मारली, "वीरूभाई, इकडं पुढं या," आणि त्याला खांदा द्यायला जागा करून दिली.

मुंबईचं कार्ड त्यानंतर दोन दिवसांनी आलं. हसीनानं ते त्याच्या हातात दिलं. घोडा मागं गेला होता.

वीरभद्र दुकानात बसला. पट उस्तादांनी ठेवला तसाच मशीनवर होता. त्यानं घोडा मागं नेऊन ठेवला आणि हत्तीकडं बघितलं. पुढं काय होतं ते त्याला स्पष्ट दिसत होतं. आणखी काही खेळ्यांत मुंबईचा म्हातारा अडचणीत येणार होता. त्यानं कार्ड काढलं, पत्ता लिहिला. उस्ताद गुरुवारी वारले, शेवटपर्यंत हा डाव त्यांच्या मनात होता, असं दोन ओळींत लिहिलं. खेळीची जागा कोरी ठेवली, ती खेळी उस्तादांच्याच हातची होती. सही केली आणि कार्ड टाकायला पोस्टाकडं गेला.